अर्धा ठोका आधी

वेंगुर्ल्याच्या हॉलात, पत्र्याखाली,
पंखे बंद केले; माइकमध्ये घरघर येत होती म्हणे.
घामेजून बसलो तिसऱ्या रांगेत
मी आणि दाजी,
दाजींच्या मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पुडी,
पिक्चरला नेतात तशी.

पिक्चर आमच्याकडे कॅसेटवर होतं.
पाठीवर दाजींच्या अक्षरात नाव,
खाली बारीक: कोणास देऊ नये.
नारळी पुनवेला, बारशाला, होडी डागडुजीला वर ओढलेली असताना,
एकदा शेजारच्या बाराव्याच्या रात्रीसुद्धा, आवाज मारून,
तोच माणूस रेडिओच्या हप्त्याला भिऊन
पाण्याच्या पिंपात बसायचा,
दारावर थाप पडायची
आणि पिंपातून उत्तर यायचं:
मी घरात नाही हो!
दाजी हे वाक्य नटाच्या अर्धा ठोका आधी म्हणायचे.
आई म्हणायची, त्याला तरी बोलू द्या.

आता त्याचं संगीत नाटक झालंय.
पिंप आहे. स्कूटर प्लायवूडची,
दोन पोरं ती पोटाशी धरून पळतात
आणि तोंडाने फटफट करतात.
ते आवडलं मला, कबूल करते.
पण जिथे तिथे गाणं.
हप्तेवाला गातो, घरमालकीण गाते,
पायपेटीवर दशावतारातले कोणी बुवा, ते थांबतच नाहीत.
मी मनात हिशोब मांडत होते:
हा विनोद गेला, तोही गेला,
मावशीच्या कवळीचा अख्खा प्रवेश गेला.

दाजींना ऐकू येत नाही.
तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाला कान लावून
आधी डावा गेला, मग उजव्याने त्याला सोबत केली.
यंत्र आहे, ते खिशात असतं, पेनासारखं.
त्यामुळे दाजी बघत होते नाटक
आणि हसत होते पिक्चरला.

कवळी डाळीत पडली, तेव्हा हसले.
रंगमंचावर डाळही नव्हती.
पुढच्या बाईंनी वळून बघितलं, दोनदा.
मी दाजींचा हात दाबला.
त्यांनी मला शेंगा दिल्या.

दुसऱ्या अंकात दिवे निळे झाले.
पिंपात माणूस एकटा, पेटी अगदी हळू,
आणि त्याच वाक्याचं गाणं.
मी घरात नाही.
मी घरात नाही.
एवढी वर्षं आम्ही ज्याला हसलो
त्याच्या पोटात हे होतं?
दारावर कोणी आलं की
हे वाक्य तर माझं असायचं, फ्रॉकच्या टोकाशी चाळा करत:
दाजी घरात नाहीत.
आठ आठ दिवस खरंच नसायचे.
माझा घसा भरून आला, हॉलात कुणी खोकेना,

आणि दाजी मोठ्याने म्हणाले, "आता पडतलो!"

पिक्चरमध्ये हप्तेवाला इथे विहिरीत पडतो.
हॉल फुटला. त्या बाईसुद्धा.
गाणाऱ्याने पिंपाबाहेर डोकं काढून
आमच्या दिशेने बघितलं, एक मात्रा चुकला,
आणि पुढची ओळ हसू दाबत म्हणाला.
ती ओळ काय होती, मला आठवत नाही.

विहीर आली ती फार उशिरा:
दोन मुलींनी धरलेली निळी साडी,
हप्तेवाला तिच्यात छान पडला, शिट्ट्या वाजल्या.
दाजी हसले नाहीत.
त्यांच्याकडे कधीच "समाप्त" येऊन गेलं होतं.
हाताची घडी घालून बसले होते
दिवे लागायची वाट बघत,
पायाशी टरफलं नीट एका बाजूला सारून.

एसटी स्टँडवर म्हणाले, "बरा होता.
पण मधीच सगळे तोंडा उघडून
उभे कित्याक रवत होते?"
"गाणी होती, दाजी."
"काय?"
"गाणी!"
मी इतक्या मोठ्याने सांगितलं
की पानाच्या टपरीवरून कुणीतरी विचारलं, कुठली?