मेंढवाड्याचं फाटक

मोखोत्लाँगला पहाटेपासून बर्फ.
तुझं रक्त घोड्यावरून आलं,
जांभळ्या टोपणाच्या नळीत,
डब्याला कांबळं गुंडाळून.
आमच्याकडे रक्त तापण्याची भीती नसते,
गोठण्याची असते.
नळीवर नाव नाही. क्रमांक चारशे सतरा.
पुरुष. जन्मतारीख एक जुलै.

शंभर मायक्रोलिटर तुझं, त्यात वीस रंगाचे.
रंग म्हणजे प्रतिपिंडं,
कुठल्याशा उंदराकडून कधीकाळी घडवून घेतलेली.
त्यांना माणसाच्या पेशीवरची एकच खूण ओळखता येते,
बाकी जगाशी देणंघेणं नाही.
शेपटीला त्यांच्या दिवे बांधलेले:
हिरवा कारखान्यातला,
नारिंगी समुद्रातल्या तांबड्या शेवाळाचा.
आमच्या देशाला समुद्र नाही.
मी एकदाच पाहिला, डर्बनला, प्रशिक्षणाच्या वेळी.
एक चप्पल घेऊन गेला.

मग वीस मिनिटं अंधार.
उजेडात हे रंग विटतात,
म्हणून नळ्या खणात, खण बंद,
आणि मी स्टुलावर.
न्ताते सेखोबे डोकावून सांगतात,
जनरेटरला दोन तासांचं डिझेल आहे.

माझे वडील मेंढ्या मोजायचे
दोन दगडांमधल्या फटीतून, एकेक,
कानावरचा गेरूचा ठिपका बघत.
आकडे शिकले नव्हते.
एका खिशातला खडा दुसऱ्या खिशात.
खडा उरला की जेवण टाकून डोंगर चढायचे.

यंत्रातही तसंच.
पाण्याच्या बारीक धारेत पेशी एकीमागे एक,
निळ्या किरणासमोर क्षणभर.
जिच्यावर खूण आहे ती पेटते,
नाही ती तशीच पुढे जाते.
पडद्यावर ठिपके, ठिपक्यांचे ढग.
मदतनीस पेशींच्या ढगाभोवती
माउसने कुंपण ओढायचं (इथेही उंदीरच).
आम्ही त्याला गेट म्हणतो.

हिरवा थोडा नारिंगीत सांडतो. नेहमीच.
किती सांडतो ते यंत्राला शिकवून
आधीच वजा करावं लागतं,
नाहीतर जो नाही तो दिसू लागतो.

एक जुलै.
माझ्या भावाचीही एक जुलैच.
आई म्हणाली होती, मोठा बर्फ पडला त्या साली,
आणि कारकुनाने कंटाळून हीच लिहिली.
अशा एक जुलै या डोंगरात शेकडो.
खेथांग वेल्कोमच्या खाणीत गेला.
दोन वर्षं पैसे आले, मग नुसते निरोप,
मग निरोपही दुसऱ्यांच्या तोंडून.

एकशे त्र्याऐंशी.

कुंपणाबाहेर डावीकडे काही ठिपके रेंगाळत होते,
फिकट, ना धड इकडचे ना तिकडचे.
मी कोपरा ओढला. थोडासाच.
दोनशे चार.
किती बरं वाटलं ते बघायला.

भिंतीवरचा तक्ता सांगतो:
दोनशेच्या खाली, तर जास्तीच्या गोळ्या,
क्षयाची तपासणी, डोकं दुखतं का विचारा,
आठवड्याला घरी माणूस पाठवा.
दोनशे चारकडे कुणी जात नाही.

एकदा वडिलांनीही एक खडा
गुपचूप ओढ्यात फेकला होता.
शांतपणे जेवले, आडवे झाले.
मध्यरात्री मी उठले तर
कंदील जागेवर नव्हता.

कोपरा होता तिथे नेला.
एकशे त्र्याऐंशी. खाली माझी सही.

घोडेवाला चुलीशी हात शेकत होता.
चारशे सतरा कुठल्या गावचा, मी विचारलं.
विचारायचं नसतं. त्यानेही सांगितलं नाही.
खोगीर आवळता आवळता मात्र म्हणाला,
उंच आहे माणूस. शीळ छान घालतो.

खेथांगला शीळ येत नव्हती.
खाणीत शिकला असेल.