टाचण्या

लिलाँग्वेत ऑक्टोबरात जकरंडा फुलतो
आणि दात्यांची बैठक भरते.
इतिवृत्त मी लिहिते. खुर्च्याही मीच मांडते,
कोणाशेजारी कोण चालत नाही
हे लायसन शिपायाला ठाऊक नसतं.
बँकवाल्यांना खिडकी लागते,
बर्फाच्या देशातून आलेल्यांना पंखा,
आणि यंदा ज्यांचा हात आखडलाय
त्यांना दाराजवळची, लवकर निसटता येईल अशी.

भिंतीवर देशाचा नकाशा, लांबोडका,
सरोवराला टेकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा.
ज्याचा पैसा त्याच्या रंगाची टाचणी.
सालिमात टाचण्यांना टाचण्या खेटलेल्या:
डांबरी रस्ता आहे, दिवेलागणीला तळलेला चांबो मिळतो.
वर, पार टोकाला, चितिपा.
कोरं.

सालिमाच्या एनेलेसी काम्वेंडोबद्दल
मी इतिवृत्तात कधी लिहिलं नाही.
एकाच हंगामात तिच्या वावरात चार प्रकल्प उतरले.
पहिला म्हणाला, दोन सरींत पाऊण मीटर सोड.
दुसरा म्हणाला, नव्वद सेंटीमीटर.
तिसरा म्हणाला, सरी मोड, जमिनीला हातच लावू नकोस.
चौथ्याने टोपी दिली.
तिने वावराचे चार तुकडे पाडले;
ज्याची गाडी दिसेल त्याला त्याचा तुकडा दाखवायची,
चौथा आला की टोपी घालायची.
पाट्यांच्या खांबांना शेळ्या बांधलेल्या.
पायपंप तीन, तीन देशांचे,
एकाचा वॉशर दुसऱ्याला बसेल तर शपथ.
एक ना धड, भाराभर चिंध्या.
तिने सायकलची ट्यूब कातरून, तिघांतून एक चालता केला होता.
"आणि तुझं स्वतःचं काय?" मी विचारलं.
तिने मला घरामागे नेलं.
मका, त्याच्या पायाशी भुईमूग, मधून भोपळ्याचा वेल,
सगळं एकात एक, आई लावायची तसं.
"हे कोणाला दाखवू नकोस," म्हणाली,
"नाहीतर इथेही पाटी येईल."

त्या रात्री कार्यालयात मी एकटीच होते.
डबीत एक जांभळी टाचणी उरली होती, कोणाचाच रंग नसलेली.
ती मी चितिपावर टोचली.
का, ते नीट सांगता येणार नाही.
कोरेपण बघवत नव्हतं, एवढंच.

बैठकीत कोणीतरी विचारलं, "जांभळी कुणाची?"
सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
आपल्याला माहीत नाही हे कबूल कोण करणार!
बँकवाल्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"चला, तिकडेही कोणीतरी पोचलं म्हणायचं."
माना हलल्या.
नवा निधी वाटला गेला, चितिपा सोडून,
एकाच जागी दोनदा खर्च नको म्हणून.
मी तोंड उघडलं, तेवढ्यात चहा आला.
आणि मग मीच, माझ्याच अक्षरात, लिहिलं:
ठराव एकमताने मंजूर.

मार्चमध्ये फोन खणखणला.
चितिपाचा शेतकी अधिकारी म्सुक्वा, आवाज खरखरीत,
मध्ये मध्ये तुटणारा.
"आमचं नाव लागलंय असं ऐकलं.
गोदाम झाडून ठेवलंय, मॅडम.
उंदरांची बिळं बुजवलीत.
गाडी कधी येतेय?"

टाचणी उपटायला सेकंदही लागला नाही.
भोक मात्र राहिलं, नकाशातून आरपार,
बोट ठेवलं तर भिंतीचा चुना लागतो.

पुढच्या बैठकीची विषयपत्रिका मी टाइप केली आहे.
सर्वांत शेवटी असतो तो "आयत्या वेळचे विषय",
तो या खेपेला पहिला घेतलाय.
त्याखाली लिहिलंय: एक टाचणी, माझी चूक.
म्सुक्वाला निरोप धाडलाय, स्वतः ये,
वहीत गावांची नावं घेऊन ये.
त्याला पोचायला दोन दिवस, रस्ता खचला असला तर तीन.
बँकवाले कुठे बसतील ते बसोत.
खिडकीजवळच्या खुर्चीवर
मी आत्तापासूनच रुमाल टाकून ठेवलाय.