माशी

इंगवले सरकारांची रायफल
डावीकडं खायची.
खाणीत पुठ्ठा उभा केला, पाच बार काढले:
पाची भोकं तळहाताखाली झाकतील अशी,
फक्त खुणेपासून वीतभर बाजूला.
दस्त्याचं लाकूड ओलीनं फुगलं असेल म्हणून
आठवडाभर चुलीमागं ठेवली.
पुन्हा वीतभर. डावीकडंच.

पापाच्या तिकटीला रसूल शिकलगारानं
नळीला डोळा लावला.
"नळी झ्याक हाय. ही माशी बघा,
उजवीकडं ठोकून सरकवलीया,
वर कथलाचा डाग.
पडून न्हवं, दाजी. कुणीतरी बसून केलंय."

ताराबाई पार्कात सरकारांच्या पत्नी
राहिलेल्या कागदावर सही करताना म्हणाल्या,
"पाहुणे फार यायचे. रात्री जीप काढा म्हणायचे.
आमच्यात पाहुण्याला नाही म्हणत नाहीत."
आणि पेनाचं टोपण शोधू लागल्या.

आमच्या भुईमुगात डुकरं रोज उतरतात.
परवान्यापायी सात महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात.

रसूल दिवा पेटवून विचारतोय,
"काढू का डाग?"

मी आधी चहा सांगितला.