सहा किलो साडेतीनशे

खोकं आलं तेव्हा मी रताळ्याच्या वेली उलटत होते.
बसलिंग पोस्टमननं ते बांधावर टेकवलं, घाम पुसला,
"भाळ वज्जी ऐत्री, वैनी. तिकडं दगड पिकतात काय?"
तीन ठिकाणी सही.
पत्ता इंग्रजीत, त्यावर मुंबईच्या कस्टमचा शिक्का,
शेजारी मराठीत, भरमूचं किरटं अक्षर,
खाली बेळगावात कुणीतरी निळ्या शाईनं
गावाचं नाव कन्नडात लिहिलेलं.
तीन भाषांतली बेळगुंदी,
तरी खोकं आधी बेळवट्टीला जाऊन आलं.

मामंजींनी विळ्यानं चिकटपट्टी कापली.
बूट निघाले. एकाचा तळ रबरी,
दुसऱ्याचा गुळगुळीत चामड्याचा.
"फसवलं की पोराला. दोन जोडांतला एकेक दिलाय."
मग मनगटाला बांधायचं काहीतरी, एक टॉवेल,
मग तो.
गडद निळा, आत धूर कोंडल्यासारखा,
वर तीन भोकं.
आत्याबाईंनी आधी हात जोडले,
मग विचारलं, "देव न्हवं न्हवं ह्यो?"

रताळ्याच्या काट्यावर ठेवला. सहा किलो साडेतीनशे.
मामंजींनी पावतीवरचं बोटीचं भाडं वाचलं,
पुन्हा वाचलं,
आणि गोठ्याकडं निघून गेले.

रात्री फोनवर भरमू, मागं पत्र्याची भिंत,
खिळ्याला निळी टोपी.
सुट्टीला बैरूतला नेतात म्हणाला,
घानाचा एक हवालदार शिकवतोय,
लाकडाची लांब वाट, तेल लावलेली,
टोकाला दहा बाटल्या उभ्या.
म्हाताऱ्या दुकानदारानं आधी बोटं मोजली,
मग गिरमिट लावलं.
"माझ्याच हाताचा हाय त्यो. दुसऱ्या कुणाला बसायचा न्हाई."
"आणि हितं खेळूलाईस कुठं?"
हसला. रेंज गेली.

बसायचा नाही, खरंच.
माझा अंगठा आत हिंदकळत राहिला,
रिकाम्या हौदात पोहरा लागावा तसा.
लग्नात त्याची अंगठी सोनारानं दोनदा वाढवली,
तेव्हाही माप मला कुणी सांगितलं नव्हतं.
आता कळलं.
माझं बोट, आणि भोवती नखाएवढी मोकळी जागा.
तेवढा तो.

पौष पौर्णिमेला मामंजी, आत्याबाई सौंदत्तीला गेले.
समृद्धी झोपली.
रताळी विकून शेड रिकामी, फरशी थंड,
मी दिवा लावला, दार लोटलं,
दहा बाटल्या मांडल्या,
सहा पाण्याच्या, तीन औषधाच्या,
एक त्याच्या कॅन्टीनच्या रमची.
बूट घालून पाहिले, चामड्याचा पाय सटकला,
फसवलं नव्हतं तर, सटकायलाच असतो तो.
काढून ठेवले. अनवाणी,
दोन्ही हातांनी, लेकराला पाळण्यात सोडावं तसा
सोडला.

आवाज केवढा.
शेजारच्या भैरूकाकांची म्हैस हंबरली.
गोळा भिंतीला लागून, फिरून, माझ्याकडं परत येऊ लागला
आणि मध्येच थांबला.
नऊ पडल्या होत्या.
रमची उभी.
मी पुन्हा मांडल्या. पुन्हा.
किती वेळा ते सांगत नाही.

मे महिन्यात तो आला.
अंगणात गोळा उचलला आणि अंगठा आत अडकला,
उकाड्यानं बोटं सुजलेली.
"तिकडं थंडी हुती," म्हणाला,
साबण लावून अंगठा सोडवत.
मग टॉवेलनं पुसताना त्याला ओरखडा दिसला,
वीतभर, पांढरा,
आमच्या फरशीच्या रंगाचा.

"कस्टमवाल्यांनी आपटला बघ."
"व्हय," म्हटलं मी,
"तसली माणसं. त्यांना काय त्याचं."