उगमाचा दाखला

सवन्नाखेतच्या पुलापाशी, चौथ्या खिडकीत बसून
मी वस्तूंना जन्मगाव देते.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात;
माझा तर पगारच विचारण्याचा.
खिडकीतून मेकाँग दिसते.
तिच्या हाती अजून कुणी फॉर्म दिलेला नाही.

सकाळी थोंगसाय आला, ट्रकभर वायरिंग घेऊन.
तारांचे जुडगे, वेण्या घातल्यासारखे,
टोकांना पांढऱ्या चिमट्या.
उद्या पलीकडे मुकदाहान, परवा समुद्राकाठचा कारखाना,
मग एखाद्या गाडीच्या पोटात, कायमचे.

रकाना सहा. कच्चा माल कुठला?
वेष्टण थायलंडचं.
चिमट्या व्हिएतनामच्या, लाव बावच्या नाक्यावरून आलेल्या.
चिकटपट्टी 'इतर'.
तांबं परदेशी.

इथे पेन अडखळतो.
हे तांबं मी ओळखते.
मामाच्या गावामागचा डोंगर पोखरून निघालं,
जाड पत्रे होऊन याच रस्त्यानं गेलं.
तेव्हा मीच शिक्का मारला होता: आमचं, शंभर टक्के.
परत आलं ते केसाएवढं बारीक होऊन,
सासरचं आडनाव लावून.
आणि दारात उभ्या लेकीला पाहुणी म्हणावं
तशी मी लिहिते, परदेशी.

शंभरात चाळीस तरी आपले हवेत, असा नियम.
भाडं धरलं, वीज धरली,
वियेंगखामच्या दहा बोटांचे धरले, ते निघाले अकरा.
बेरीज अडते सव्वीसवर.
मग करारातलं ते कलम काढायचं:
शेजाऱ्याचं ते आपलंच समजावं.
समजलं. त्रेसष्ट झाले.
कागदावर आमची सगळ्यांची चूल एक आहे.
भाताची तेवढी वेगळी.

जेवणाच्या सुट्टीत, एका वाया गेलेल्या फॉर्मच्या पाठीवर
मी स्वतःला भरून पाहिलं.
आजी पलीकडची, पूल नव्हता तेव्हा होडीतून आलेली,
मांडीवर कोंबड्यांची टोपली.
बाप पूर्वेचा, रस्ता मोजायला आला
आणि मोजता मोजता राहून गेला.
आई गुहेत जन्मली, वरून विमानं जात असताना;
ते गाव नकाशावरून कधीच गेलंय.
चाळीस काही भरेनात.
फॉर्मची पुडी केली, त्यात मीठ-मिरची बांधली.

थोंगसाय म्हणतो, पुलाचं अवघड काही नाही,
पण सिग्नलपाशी उजवीकडून चालणाऱ्यानं डावीकडं व्हायचं असतं.
वीस वर्षं झाली,
तरी तेवढ्यापुरता तो रेडिओ बंद करतो.

आज त्याच्याकडे निरोप होता. कागद नव्हता, तोंडीच.
वियेंगखामची धाकटी बहीण तिकडच्या कारखान्यात,
हेच जुडगे गाडीत खोचायला.
हजारो येतात, सगळे सारखे; सारखेच असावे लागतात.
पण वियेंगखाम डावरी.
पट्टीचा शेवटचा वेढा तिच्या हातून उलटा पडतो.
तपासनिसाला दिसत नाही, मापात बसतं.
धाकटीला मात्र दिसतो.
दिवसातून पाच-सहा वेळा
अंगठा त्यावरून फिरवते आणि खोचून टाकते.

निरोप एवढाच:
"मंगळवारच्या मालात उलटा वेढा एकही नव्हता.
ताईला बरं नाही का?"

मी रजिस्टर उघडलं.
मंगळवारचा माल इथून रविवारी गेलेला.
तो भरला गेला शुक्रवारी.
शुक्रवारी वियेंगखाम तापानं फणफणली होती,
तिच्या जागी दुसरीच कुणी बसली होती.

"आता बरी आहे म्हणून सांग," मी म्हटलं,
आणि शिक्का शाईत बुडवला.
थोंगसाय कागद घेऊन निघाला. दारातून परत फिरला.
"एवढंच सांगू?"

"सांग, उद्याच्या मालात बघ."