शुद्धिपत्र

आगरवाड्याला उतरलो तेव्हा
पिशवीत एकतीस प्रश्न होते, नंबर घातलेले,
आणि सत्यभामा नागवेकरांचं एकुलतं एक पुस्तक,
चौसष्ट पानी, पाठीला डिंक लावून दोनदा सांधलेलं.

बाई पडवीत सुंगटं सोलत बसल्या होत्या.
म्हणाल्या, विचार. हात गुंतलेत,
तोंड मोकळंच आहे.

फोन स्टुलावर ठेवला. लाल ठिपका लागला.
पहिले नऊ बरे गेले:
शाळेतली नोकरी,
घरात कोंकणी आणि वहीत मराठी का
(छडी ज्या भाषेत खाल्ली, तिच्यातच हात वळला),
दुसरं पुस्तक का नाही
(मीठ तरी दरसाल पिकतं होय रे?).

दहावा प्रश्न मी पाठ करून गेलो होतो.
पान एकोणचाळीस, शेवटची ओळ:
बापाच्या पाठीवर वाळते मिठी.
या ओळीवर मी पणजीच्या एका चर्चासत्रात
बावीस मिनिटं बोललो आहे.
स्पर्श, क्षार, श्रम, असं बरंच काही.
मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली होती,
पण सर, मिठी वाळते कशी?
मी तिच्याकडे बघून दयेनं हसलो होतो.

बाईंनी एका सुंगटाचं डोकं मोडलं.
ती ओळ म्हजी न्हय रे, म्हणाल्या.
मी लिहिलं होतं मीठ.
वाळते मीठ. पाठीवर वाळतंच ते,
त्यात काव्य कसलं?
म्हापशाच्या छापखान्यात खिळे जुळवायला कायतान होता.
त्यानं दीर्घ वेलांटी एक घर पुढं सरकवली,
मागं एक ऱ्हस्व ठेवून दिली,
जागा रिकामी नको म्हणून.

मी पुस्तकातलं शुद्धिपत्र काढलं.
गुलाबी चिठोरं, विटलेलं. अकरा चुका.
पान सात: 'भारती' नव्हे, 'भरती'.
पान वीस: 'माणसाचं दार' नव्हे, 'मानशीचं दार'.
एकोणचाळिसावं पान त्यात नव्हतं.

का, हे माझ्या यादीत नव्हतं.
विचारलंही नाही धड,
नुसतं चिठोरं पुढं धरलं.

बाईंनी हात धुतले, गोणपाटाला पुसले.
बाप आगरातनं यायचा तो पांढरी पाठ घेऊन.
आवय ओरडायची, लागू नका, आधी न्हाऊ दे त्याला.
न्हाला की जेवायचा. जेवला की निजायचा.
आम्ही पाच भावंडं.
एकाचाही हात त्या पाठीला लागलेला
मला आठवत नाही.
कायतानचा लागला. चुकून.
मग म्हटलं, राहू दे.

यानंतर चार मिनिटं रेकॉर्डिंगमध्ये कुणी बोलत नाही.
शेजारचा पंप आहे. एक कोंबडी आहे.
मग बाईंचा आवाज: तुझा बाप काय करायचा?
आणि माझा: पोस्टात होते.
एवढंच,
जसा काही त्यांचा हुद्दाच विचारला होता.

उरलेले एकवीस प्रश्न मी विचारले.
आता काय, आणलेच होते.
निघताना बाई म्हणाल्या,
ते मुलाखतीत नको घालूस हां.
आता कोण वाचतंय म्हणा, पण वाचलंच एखाद्यानं तर
आणि वाक्य तिथंच टाकून
सुंगटांवर आलेलं मांजर हाकलायला धावल्या.

मुलाखत दिवाळी अंकात आली.
प्रश्न नववा, मग थेट अकरावा.
मुद्रितशोधकाचा आधी फोन आला होता:
दहावा गळलाय, वाचकांच्या लक्षात येईल.
म्हटलं, येऊ दे.

त्या चर्चासत्राच्या हजेरीचा कागद
मी नंतर मागवून घेतला.
मागच्या बाकावर चौघी होत्या.
त्यांतली ती कोण, हे कुणालाच सांगता येईना.