पात्राचे नाव : नाव

महाप्याला, चौथ्या मजल्यावर
माझ्यासमोर बारा हजार ओळींचा एक तक्ता.
ओळ दोन हजार एकशे सहा :
काळ्या पाण्यावर होडी वल्हवणारी बाई.
मूळ फिनिश खेळात ती लौट्टा.
इंग्रजीवाल्यांनी तिची फे करून टाकली.
शेजारी शेरा : बदलायचं तर बदला,
फक्त सहा अक्षरांच्या आत बसवा.

लौट्टा म्हणजे तर, पैलतीराला नेणारी.
खेळणारा काठावरून ओरडतो, लौट्टा!
आणि हाक बाईला होती की होडीला
हे त्या भाषेत कुणी विचारत बसत नाही.

हिंदीच्या टेबलावरचा अर्शद म्हणतो,
राहू दे ना लौट्टा. पोरं एवढ्या लांब जातात खेळायला,
तिथेही शेजारपाजारच भेटायचा
तर गेली कशाला?
त्याचंही खरं आहे.
मागच्या खेळात मी एका लोहाराचा भिवा केला,
तर पुढच्याच प्रसंगात तो बर्फात अस्वल सोलत होता
आणि ते कातडं भिवाच्या अंगावर
भाड्याने आणल्यासारखं दिसत होतं.

पण लौट्टा!
दिवाळ्याचा माझा भाचा शब्द तोंडात घोळवून बघतो,
लोटा म्हणतो, आणि गडाबडा लोळतो.
जी बाई त्याला मरणातून तारणार
तिला तो लोटा म्हणणार, शंभर तास.

आई कांजूरची.
ऐरोलीचा पूल नव्हता तेव्हा
खाडी ओलांडून दिव्याला आली लग्नात.
होडीत बसली ती चांगुणा.
उतरल्यावर ताटातल्या तांदळात
कुणीतरी अंगठीने सुनीता लिहिलं.
कुणी गं?
तुझ्या आतीनं. साळंत गेलती, तिला लिवता यायचां.
आणि ते तांदूळ?
शिजवलं की.
वाईट नाही वाटलं?
मना काय गो, कंच्या पन नावानं जेवाला बोलव, मी येतंय.
असं म्हणून कोलंबी सोलत राहिली.
फक्त मामा फोनवर चांगू म्हणतो तेव्हा
तिचा आवाज खाडीपलीकडून येतो.
याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

सोमवारी मी लिहिलं : नाव.
दोनच अक्षरं. चौकटीत जागा उरली.
खेळणारा काठावरून ओरडेल, नाव!
ती जवळ आली की विचारेल, तुझं नाव?
ती म्हणेल, नाव.
हे फिनिशमध्ये नाही. इंग्रजीत तर नाहीच नाही.
दिवसभर कुणाला बोलले नाही,
कॅन्टीनमध्ये मिसळ खाताना एकटीच हसत होते.

गुरुवारी तपासणीकडून बग आला,
क्रमांक आठशे बारा, तीव्रता : गंभीर.
"पात्राचं नाव आलं नाही.
चौकटीत नुसतंच 'नाव' असं दिसतं.
कृपया खरं नाव भरावं."

तपासणारी ऋजुता वैती, कोपरखैरण्याची.
अनुस्वार चुकला तरी तिला झोप लागत नाही.
तिला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता.
मी लौट्टा परत टाइप केलं. खोडलं.
तर लिहिलं, ते अर्धवट राहिलेल्या वाक्यासारखं दिसलं.
तरी लिहिलं, अर्शदने विचारलं,
कुणाच्या रश्श्यावरची?
फे लिहिलं आणि स्वतःचाच राग आला.

सात वाजले. खिडकीतून खाडी दिसत नाही,
केमिकलच्या टाक्या दिसतात,
त्यांच्यावर कंपनीची तीन जुनी नावं,
एकावर एक रंगवलेली.

बग बंद करण्याचा अधिकार मला नाही.
उत्तराच्या चौकटीत लिहिलं :
ऋजुता, नाव आलं नाही, कबूल.
नाव आली आहे.
बस.